पडीक रानात झाडं लावून कार्बन क्रेडिट: पुणे जिल्ह्यातल्या नवख्या माणसाने कुठून सुरुवात करायची

गावाकडे दोन-चार एकर पडून आहेत, आपण नोकरीला पुण्यात, शेतात ऊस-टोमॅटो बघायला कोणी नाही, मग झाडं लावून टाकू आणि कार्बन क्रेडिटचे पैसे घेऊ, असा विचार करणारे बरेच जण भेटतात. विचार चांगला आहे आणि करण्यासारखाही आहे. पण यात शिरायच्या आधी काही गोष्टी नीट कळल्या पाहिजेत, कारण यातलं ॲग्रीमेंट वीस-तीस-चाळीस वर्षांचं असतं आणि एवढ्या लांब पल्ल्याच्या कागदावर आपण व्हॉट्सॲपवरच्या एका मेसेजच्या भरवशावर सही करत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगतो. झाड असं निवडा की कार्बनचा एक रुपया आला नाही तरी ते तुम्हाला परवडलं पाहिजे. कार्बनचा पैसा वरकड धरा. असं का ते हिशोब बघितला की कळेल.

आधी हिशोब

एक कार्बन क्रेडिट म्हणजे हवेतून कमी झालेला एक टन कार्बन डायऑक्साइड. झाड लावलं म्हणून क्रेडिट मिळत नाही, झाड जगलं, वाढलं, त्याचं लाकूड किती झालं ते मोजलं, बाहेरच्या ऑडिटरने तपासलं आणि रजिस्ट्रीने, म्हणजे क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, मान्य केलं की मगच मिळतं. जगात यासाठी जास्त चालणाऱ्या रजिस्ट्र्या म्हणजे वेरा आणि गोल्ड स्टँडर्ड. आपल्याकडे जे प्रोजेक्टवाले येतात ते बहुतेक या दोघांपैकी एकाचं नाव घेतात.

आता मोजतात कसं. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर, टेपने खोडाचा घेर घेतात, त्यावरून त्या जातीच्या सूत्राने झाडाचं सुकं वजन काढतात. समजा जमिनीवरचं सुकं वजन १०० किलो आलं. मुळांसाठी त्याच्या साधारण पाव भाग आणखी धरला तर १२५ किलो. सुक्या लाकडात कार्बन जवळपास ४७ टक्के धरतात, म्हणजे ५८-५९ किलो कार्बन. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड करायला ४४ भागिले १२ ने गुणायचं, म्हणजे ३.६७ ने, आले साधारण २१५ किलो. म्हणजे अशी पाच झाडं मिळून एक क्रेडिट. आणि १०० किलो सुकं वजन व्हायला झाडाला वर्षं लागतात, जात कुठली, पाणी किती, माती कशी यावर ते कमीजास्त होतं.

आता एकरावर या. पंधरा बाय पंधरा फुटांवर लावली तर एकरात १९० च्या आसपास झाडं बसतात, त्यातली १५० जगली आणि दहा वर्षांत प्रत्येकी १०० किलोपर्यंत गेली असं धरू. १५० गुणिले २१५ किलो म्हणजे ३२ टन, म्हणजे दहा वर्षांत ३२ क्रेडिट. यातली काही क्रेडिट राखीव ठेवावी लागतात, वणवा लागला, झाडं मेली तर भरपाई म्हणून, त्याला बफर म्हणतात. गोल्ड स्टँडर्डमध्ये २० टक्के बाजूला जातात, वेरामध्ये धोका बघून टक्का ठरतो. राहिली पंचवीसेक. भाव रोज वेगळा असतो, हिशोबापुरता क्रेडिटला हजार रुपये धरा, आले २५ हजार. ॲग्रीमेंटमध्ये तुमचा वाटा ६० टक्के असेल तर १५ हजार. दहा वर्षांत. म्हणजे एकराला वर्षाला दीड हजार रुपये.

हा आकडा माझ्या धरलेल्या गोष्टींवर उभा आहे, तुमच्या रानात तो दुप्पट येईल किंवा निम्माही येईल, पण कोणी एकराला वर्षाला पन्नास हजार सांगत असेल तर त्याला हाच हिशोब कागदावर मांडून दाखवायला सांगा, झाडामागे किती किलो, किती वर्षांनी, बफर किती, भाव किती धरलाय. जो मांडून दाखवेल त्याच्याशी पुढचं बोलायचं.

जमीन बसते का ते बघा

सातबारा आणि आठ-अ काढा, ऑनलाइन निघतात. नाव कोणाचं आहे, किती जणांचं आहे, इतर हक्कात बँकेचा बोजा आहे का, फेरफार अडकलेत का. वडील वारले आणि वारस नोंद झाली नाही अशा जमिनी आपल्याकडे भरपूर, त्या आधी सरळ करून घ्या कारण कार्बनचा हक्क जमिनीच्या हक्काबरोबर चालतो, चुलत्याची सही नसेल तर डेव्हलपर, म्हणजे प्रोजेक्ट उभा करणारा, पुढे जात नाही आणि गेला तर तेच जास्त धोक्याचं. भोगवटादार वर्ग २ ची जमीन असेल, किंवा जुन्नर-आंबेगाव-खेडच्या पश्चिम भागात आदिवासी खातेदाराची असेल, तर भाडेपट्टा किंवा हस्तांतरणावर बंधनं असतात, तलाठी आणि तहसील ऑफिसला विचारल्याशिवाय सही नको. गायरान, वनखात्याची जमीन, हा विषय एकट्याचा नाही. सामूहिक वनहक्क मिळालेला असेल तर निर्णय ग्रामसभेचा असतो, एका पुढाऱ्याचा नाही.

मग जुनी झाडं. प्रोजेक्टमध्ये जमीन घ्यायच्या आधीच उभी असलेली आमराई, बांधावरची चिंच, देवराई, यांचं क्रेडिट मिळत नाही, कारण ती तुम्ही कार्बनसाठी लावलेली नाहीत, ती असतीच. क्रेडिट मिळतं ते जे नाहीतर झालं नसतं त्याला. यालाच अतिरिक्तता म्हणतात आणि सगळ्यात जास्त प्रोजेक्ट इथेच तपासले जातात. कायद्याने लावायलाच लागणारी झाडं, उदाहरणार्थ बांधकाम परवानगीच्या अटीत सांगितलेली, ती पण बसत नाहीत. सरकारी अनुदानातून, रोजगार हमीतून लावलेली फळबाग असेल तर ते लपवू नका, डेव्हलपरला आधीच सांगा, नंतर ऑडिटमध्ये निघालं तर तुमचा गट बाहेर जाईल.

आणि जुनं जंगल तोडून नवीन झाडं लावली तर चालेल का? नाही. वेराच्या नियमात गेल्या दहा वर्षांत नैसर्गिक जंगल किंवा गवताळ परिसंस्था मोडून तयार केलेली जमीन चालत नाही, आणि जुन्या सॅटेलाइट फोटोत सगळं दिसतं.

इथे एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. बारामती, इंदापूर, दौंड, सासवडकडचं माळरान बघून बाहेरच्या माणसाला वाटतं की ही ओसाड जमीन आहे, इथे झाडं लावली पाहिजेत. ते माळरान ओसाड नाही. तिथे लांडगा आहे, चिंकारा आहे, खोकड आहे, तणमोरासारखे पक्षी गवतावर जगायचे, धनगरांच्या मेंढ्या तिथे चरतात, सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य याच प्रकारच्या रानासाठी आहे. गवताचा कार्बन जमिनीखाली मुळांत असतो, वर दिसत नाही. अशा मुरमाड माळावर खड्डे मारून दाट झाडी करणं म्हणजे जे आहे ते मोडणं. पूर्वेकडच्या तालुक्यात तुमची जमीन असेल आणि ती कधी नांगरलेलीच नसेल, नुसतं गवत असेल, तर झाडांचा प्रोजेक्ट तिथे करू नका. जी जमीन पूर्वी पिकाखाली होती आणि आता पडीक पडलीये, किंवा चालू शेताचे बांध, ती घ्या.

झाड कुठलं

पुणे जिल्हा एक नाही. ताम्हिणी-मुळशीला पावसाळ्यात धो-धो पडतो आणि बारामती-इंदापूरला ५०० मिलीमीटरच्या आसपास, मधे फक्त शंभर-दीडशे किलोमीटर. त्यामुळे एका डेव्हलपरने सगळ्या जिल्ह्याला एकच जात सांगितली तर तिथेच थांबा.

मावळ, मुळशी, वेल्हे, भोर: जांभूळ, आंबा, फणस, हिरडा, बेहडा, ऐन, किंजळ, आणि बांबू. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात हिरडा लोक पिढ्यान्पिढ्या गोळा करतात आणि विकतात, बाळहिरड्याला बाजार आहे, म्हणजे झाड कार्बनशिवायही पैसे देतं. पुरंदरला सीताफळ, अंजीर लोकांच्या हातातलं आहे, पण ही झाडं लहान, त्यात कार्बन कमी बसतो, त्यामुळे बांधावर कडुनिंब, चिंच, आवळा, करंज असं मोठं होणारं काही जोडावं लागतं. कोरड्या बाजूला बाभूळ, बोर, हिवर, कडुनिंब.

निलगिरी, सुबाभूळ, मिलिया डुबिया ही जोरात वाढतात म्हणून कार्बनवाले ती सुचवतात. यात एक अडचण आहे जी आधी सांगत नाहीत. दर पाच-सात वर्षांनी तोडायची झाडं असतील तर क्रेडिट जास्तीत जास्त वाढीवर मिळत नाही, लावणी-तोडणीच्या सगळ्या फेऱ्यांची जी सरासरी निघते तेवढ्यावरच मिळतं. म्हणजे तोडीपर्यंत एकरात ४० टन जमले तरी सरासरी त्याच्या निम्म्याच्या आसपास येते. लाकूड विकायचंच असेल तर जरूर लावा, पण कार्बनचा आकडा मग तसा लहान धरा. ज्यांना फांद्या-फळं घेऊन झाड उभं ठेवायचंय त्यांच्यासाठी कार्बन बरा. आणि टेकड्यांवरची गिरिपुष्पाची एकसारखी लागवड पुणेकरांनी बघितलेलीच आहे, खाली दुसरं फारसं उगवत नाही, पक्षी फारसे थांबत नाहीत, त्यामुळे चार-सहा स्थानिक जाती मिसळून लावा.

बांबूबद्दल लोक फार विचारतात. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेरचा बांबू कायद्याने झाड राहिलेला नाही, तोडायला-न्यायला सोपा झाला, ही मोठी सोय आहे. पण कार्बनच्या पद्धतीत बांबू बसतो का आणि कसा मोजतात, हे त्या प्रोजेक्टच्या कागदात लिहिलेलं आहे का ते बघून घ्या.

तोडीचं आत्ताच समजून घ्या, कारण महाराष्ट्रात १९६४ चा झाडतोड कायदा आहे, त्याच्या यादीतली झाडं, म्हणजे साग, ऐन, हिरडा, जांभूळ, आंबा, फणस, खैर, चंदन वगैरे, स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. लागवड केली की सातबाऱ्यावर झाडांची नोंद आणि ई-पीक पाहणी करून ठेवा, पुढे परवानगीला तीच उपयोगी पडते.

एकट्याने की गटाने

एकट्या पाच एकरवाल्याने वेराकडे जायचं म्हटलं तर प्रोजेक्टचा कागद तयार करणं, ऑडिटर आणणं, रजिस्ट्रीची फी, सगळं मिळून लाखांत जातं आणि येणारी क्रेडिट त्यात बुडतात. त्यामुळे रस्ता गटाचाच. शेतकरी उत्पादक कंपनी, एखादी संस्था, किंवा खाजगी डेव्हलपर शेकडो शेतकऱ्यांची जमीन एकत्र करून एक प्रोजेक्ट करतो आणि पुढे नवीन शेतकरी त्यात जोडले जातात.

आपल्या भागात मिश्र लागवडीचा अनुभव जुना आहे. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला सुरू केलेल्या बाएफ या संस्थेने वाडी पद्धत, म्हणजे फळझाडं, बांधावर वनझाडं आणि मधे पीक, देशभर नेली. लागवडीची माहिती अशा ठिकाणी, कृषी महाविद्यालयात आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत विचारा, ती क्रेडिट विकणाऱ्याकडून घेऊ नका.

डेव्हलपर आला की त्याला पहिला प्रश्न हा, तुमचा प्रोजेक्ट रजिस्ट्रीवर कुठल्या नंबरने आहे. वेराची आणि गोल्ड स्टँडर्डची रजिस्ट्री सगळ्यांना फुकट बघता येते. तिथे प्रोजेक्टचं नाव, नकाशा, कागद, आतापर्यंत किती क्रेडिट निघाली आणि किती वापरली गेली, सगळं दिसतं. वेरामध्ये प्रोजेक्ट आला की ३० दिवस लोकांना हरकत-सूचना देता येतात. नंबर नसेल, "प्रोसेसमध्ये आहे" असं सांगत असेल तर ठीक आहे, सगळ्यांचीच सुरुवात तशी होते, पण मग आधी कुठे काम केलंय आणि तिथल्या शेतकऱ्यांना पैसे मिळाले का ते विचारा आणि त्यातल्या दोघांशी फोनवर स्वतः बोला.

पद्धत कुठली तेही विचारा. वेरामध्ये झाडं लावण्यासाठी आता व्हीएम ००४७ चालते, २०२३ मध्ये आलेली. तिच्यात दोन प्रकार आहेत, एकात क्षेत्र धरून मोजतात आणि सॅटेलाइटवरून आसपासच्या तशाच दुसऱ्या जमिनींशी तुलना करतात, दुसऱ्यात प्रत्येक लावलेलं झाड मोजतात. बांधावरच्या आणि शेतात विखुरलेल्या झाडांना दुसरा प्रकार जमतो. त्याच्यासाठी प्रत्येक झाडाची नोंद लागते, म्हणून तुमचं रजिस्टर आजपासून नीट हवं.

ॲग्रीमेंट वाचायचं कसं

इथे घाई करू नका. मराठीत कॉपी मागा, घरी न्या, वकिलाला दाखवा, आठ दिवस ठेवा. आजच सही करा, उद्या कोटा संपतो, असं म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

मी बघतो ते असं. तुमचा टक्का कशावर आहे, विक्रीच्या पूर्ण रकमेवर की खर्च वजा करून उरलेल्यावर. खर्च वजा करून असेल तर खर्चाची वरची मर्यादा लिहून घ्या, नाहीतर ७० टक्के वाटाही शून्यावर येऊ शकतो. भाव तुम्हाला कसा कळणार, विक्रीची पावती दाखवणार का. मुदत किती, वेराच्या नव्या नियमांत झाडांच्या प्रोजेक्टला किमान ४० वर्षांचा काळ धरतात, त्यामुळे तुमच्यानंतर कोण हेही आलं. जमीन विकली तर काय, मुलांनी नको म्हटलं तर काय, रिंगरोड किंवा एमआयडीसीत गेली तर काय, पुणे जिल्ह्यात हा प्रश्न खरा आहे, जमिनीला भाव आला की भावकीत विकायची चर्चा सुरू होतेच. वणवा लागून झाडं गेली तर दंड तुमच्यावर येतो का? तो येता कामा नये, बफर त्यासाठीच असतो. जाणूनबुजून तोडली तर वेगळी गोष्ट. रोपं मेली तर पुन्हा कोण देणार. फांद्या, फळ, चारा, सरपण, मधे आंतरपीक, गुरं चारणं, यावर तुमचा पूर्ण हक्क राहील असं स्पष्ट लिहिलेलं हवं.

आणि रजिस्ट्रेशन फी म्हणून तुमच्याकडून आधी पैसे मागत असेल तर देऊ नका. क्रेडिट विकून कमावणार तो, गुंतवणूक त्याने करायची. जमिनीचा भाडेपट्टा किंवा कुलमुखत्यारपत्र मागत असेल तर अजिबात नाही, कार्बनच्या हक्कापुरता करार पुरतो.

लागवड आणि नोंद

खड्डे एप्रिल-मेमध्ये, दीड-दोन फुटांचे, ऊन लागू द्या. उतारावर असेल तर आधी समतल चर घ्या, पाणी मुरलं तरच पहिला उन्हाळा निघतो. शेणखत आणि निंबोळी पेंड घालून भरून ठेवा. रोप वर्ष-दीड वर्षाचं, कमरेएवढं असेल तर चांगलं, पिशवीत मूळ गोल फिरलेलं रोप घेऊ नका. जून-जुलैत दोन चांगले पाऊस झाले की लावा, मोठ्या पावसाच्या पट्ट्यात फार उशीर नको.

लावण्यात गंमत वाटते, जगवण्यात माणूस लागतो. पुण्यात बसून हे होत नाही, गावात एक विश्वासाचा माणूस पगार देऊन ठेवायला लागतो, हा खर्च हिशोबात धरा. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी, बुंध्याला पालापाचोळ्याचं आच्छादन, शेळ्यांपासून काटेरी कुंपण, आणि फेब्रुवारीच्या आधी जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून गवत काढून साफ केलेला पट्टा. भोर-वेल्ह्याच्या डोंगरउतारावर सुकलं गवत पेटलं की वणवा एका दुपारी सगळं नेतो. शेजाऱ्याला सोबत घ्या, दोघांनी मिळून बांधाच्या दोन्ही बाजूंचं गवत काढलं तर दोघांचंही वाचतं.

नोंदीत एवढं ठेवा: शेताची हद्द जीपीएसने चालून काढलेली, लावणीच्या आधीचे तारखेसहित फोटो (हे विसरलात तर नंतर मिळत नाहीत), जातवार किती रोपं लावली, रोपवाटिकेची पावती, दर वर्षी किती जगली, किती बदलली, आणि पाचव्या वर्षापासून घेर. मेलेली झाडं लपवू नका. ऑडिटर नमुन्याला कुठलेही प्लॉट निवडतो आणि तिथे आकडा जुळला नाही तर सगळ्या गटाची क्रेडिट कापली जातात.

पैसा कधी आणि सरकारचं काय

पहिली दोन-तीन वर्षं झाडात मोजण्यासारखं काही नसतं. वेरामध्ये किमान दर पाच वर्षांनी तपासणी करावी लागते, त्यामुळे पहिली क्रेडिट बहुतेक चौथ्या-पाचव्या वर्षानंतर आणि तीही थोडी, खरी वाढ त्याच्या पुढे. मधल्या काळात हळद, आलं, चारा, मधपेट्या, जे जमेल ते मधे घ्या.

भारत सरकारनेही आपला कार्बन बाजार आखलाय, कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम जून २०२३ मध्ये अधिसूचित झाली आणि त्याच डिसेंबरच्या दुरुस्तीत स्वेच्छेने येणाऱ्यांसाठी ऑफसेटचा मार्ग उघडला, काम ऊर्जा दक्षता ब्युरोकडे आहे. कृषी मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शेतीतल्या स्वैच्छिक कार्बन बाजाराची चौकट आणि वनशेतीच्या रोपवाटिकांची मान्यता पद्धत काढली. म्हणून ॲग्रीमेंटमध्ये, पुढे देशी बाजारात जायचं झालं तर तुमची संमती लागेल, हे एक वाक्य घालून घ्या.

ग्रीन क्रेडिट म्हणून जे ऐकता ते वेगळं. ऑक्टोबर २०२३ ची ती योजना डेहराडूनच्या वनसंशोधन परिषदेकडे आहे आणि तिच्यातली झाडं मुख्यतः वनखात्याच्या ऱ्हास झालेल्या जमिनीवर लावायची आहेत. कोणी तुमच्या सातबाऱ्यावर ग्रीन क्रेडिट काढून देतो म्हणाला तर कुठल्या नियमाने ते लेखी मागा.

हे सगळं बघून करायचं ठरलं असेल तर दिवाळीनंतर लागा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सातबारा, वारस नोंद, दोन-तीन डेव्हलपरशी बोलणं. जानेवारी-फेब्रुवारीत ॲग्रीमेंट वकिलाकडे आणि रोपांचं बुकिंग, कारण मे महिन्यात चांगलं रोप शिल्लक नसतं. आणि पहिल्या वर्षी सगळी जमीन घालू नका, एक एकर करा, एक उन्हाळा काढा, किती जगतात बघा, मग पुढची.